विमाने तीच, शत्रू तोच. मग कोबानी वाचले आणि रमादी का पडले?

गोदाकाठ

२०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण आयसिसमध्ये सामील होण्यासाठी इराकला गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून मी त्या युद्धाविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. इतके वाचूनही एक कोडे सुटत नाही, म्हणून येथे मांडतो.

सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाच्या उत्तर सीमेवरील कोबानी या कुर्द शहराला आयसिसने वेढा घातला. ऑक्टोबरात शहराचा बराच भाग त्यांच्या ताब्यात गेला आणि कोबानी आता पडणारच, असे तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन जाहीरपणे म्हणाले. तरीही अमेरिकी विमानांच्या मदतीने कुर्दांनी जानेवारी २०१५ अखेर ते सोडवले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १७ मे २०१५ रोजी, इराकमधील रमादी आयसिसने घेतले. तेथेही तीच विमाने होती, समोर तीच संघटना होती, आणि इराकी फौजेकडची शस्त्रे कुर्दांच्या शस्त्रांपेक्षा कितीतरी चांगली होती. मग परकीय हवाई हल्ल्यांच्या बळावर स्थानिक दले जिंकू शकतात, असे म्हणायचे की नाही? ‘जमिनीवर सैनिक लागतातच’ एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही, कारण रमादीत सैनिक होतेच.

निवृत्त_ओपी

मी तोफखान्यात होतो आणि नोकरीतला बराच काळ निरीक्षण चौकीवर, म्हणजे आमच्या बोलीत ओपीवर, काढला. देवळालीच्या रेंजवर पहिल्याच आठवड्यात मनावर ठसते ते हे की गोळा कुठे पडला हे तोफेला दिसत नाही, ते फक्त ओपीला दिसते. नकाशावरच्या स्थानाचे सहा आकडे सांगताना त्यातला एक आकडा एकाने चुकला, तर तो कोणत्या जागचा आहे त्यानुसार शंभर मीटरची, एक किलोमीटरची किंवा चक्क दहा किलोमीटरची चूक होते. विमानाचेही तेच आहे. हजारो फुटांवरून गल्लीतला कुर्द कोणता आणि आयसिसचा माणूस कोणता हे ओळखता येत नाही. दोघांच्या हातात कलाश्निकोव्ह आणि दोघांकडे तशीच पिकअप.

कोबानीत सुरुवातीला शहराबाहेर उघड्यावर दिसणारे रणगाडे आणि तोफा टिपल्या गेल्या, पण तेवढ्याने वेढा ढिला झाला नाही. वायपीजी या कुर्द दलाचा प्रतिनिधी अमेरिकनांबरोबर नियंत्रण कक्षात बसू लागला आणि आघाडीवरून ‘या इमारतीत शत्रू आहे, पलीकडच्या इमारतीत आम्ही आहोत’ असे थेट कळवले जाऊ लागले, तेव्हा खरा फरक पडला. २० ऑक्टोबरच्या सुमारास विमानांतून शस्त्रे आणि औषधे टाकली गेली. महिनाअखेरीस इराकी कुर्दिस्तानच्या फौजेचे, म्हणजे पेशमर्गांचे, सुमारे १५० सैनिक तोफा घेऊन तुर्कस्तानमार्गे आत आले. शिवाय बहुतेक नागरिक आधीच सीमेपलीकडे गेल्यामुळे बॉम्ब टाकताना हात फारसा आखडता घ्यावा लागला नाही.

आणि एक गोष्ट आयसिसनेच केली. तुर्कस्तानच्या हद्दीतील टेकड्यांवरून जगभरचे कॅमेरे शहराकडे रोखलेले होते, त्यामुळे माघार घेतली तर नाक कापले जाईल म्हणून ते माणसांमागून माणसे तेथे ओतत राहिले. शत्रू एकाच जागी हट्टाने गोळा होत राहिला, तर विमानासारखे हत्यार नाही. कोबानी आणि परिसरात ७०० हून अधिक हल्ले झाले, आणि आम्ही बॉम्बफेकीमुळे बाहेर पडलो, अशी कबुली शेवटी त्यांच्याच लढवय्यांनी चित्रफितीत दिली.

रमादीत यातले जवळजवळ काहीच नव्हते. तेथे दीड वर्षे वस्तीत मिसळून लढाई चालली होती. अखेरच्या दिवसांत स्फोटकांनी भरलेली चिलखती वाहने एकामागून एक सरकारी ठाण्यांवर धडकली. शिवाय अमेरिकी सल्लागारांना तेव्हा इराकी तुकड्यांबरोबर आघाडीवर जाण्याची मुभा नव्हती. थोडक्यात, विमान होते पण ओपी नव्हता.

एर्बिलवाला

निवृत्त_ओपी यांचे विवेचन पटण्याजोगे आहे, पण त्यात एक गोष्ट राहिली आहे असे वाटते. ऑगस्ट २०१४ मध्ये मी इराकी कुर्दिस्तानातील एर्बिल येथे एका कंत्राटदाराकडे नोकरीला होतो. ३ ऑगस्टला पेशमर्गांनी सिंजार सोडले आणि तेथील यझिदी या अल्पसंख्य समाजाला वाऱ्यावर सोडून काढता पाय घेतला. ज्या पेशमर्गांच्या शौर्याच्या गोष्टी आम्ही रोज चहाबरोबर ऐकत असू, तेच हे पेशमर्गा. चार-पाच दिवसांत आयसिस मखमूर आणि ग्वेरपर्यंत, म्हणजे एर्बिलपासून मोटारीने तासाभराच्याही आत, येऊन ठेपली.

आमचा कुर्द चालक ७ तारखेच्या रात्री वडिलांची जुनी बंदूक कपाटातून काढून फडक्याने पुसत बसला होता, पण त्याची बायको आणि मुले गाडीत बसलेली होती आणि टाकी काठोकाठ भरलेली होती. दोन्ही तयाऱ्या एकाच माणसाच्या होत्या. दुसऱ्या दिवशी अमेरिकी विमानांनी एर्बिलच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफेवर बॉम्ब टाकल्याची बातमी आली. गाडीच्या टपावरची गादी आणि दोन बॅगा त्याने स्वतः वर नेल्या आणि संध्याकाळी तो बंदूक घेऊन मखमूरकडे निघालेल्या लोकांबरोबर गेला. १० तारखेला ग्वेर आणि मखमूर परत घेतले गेले. त्या दोन-तीन दिवसांतल्या मोजक्या बॉम्बांनी आयसिसची किती माणसे मारली असतील? फार नव्हे. पण पळायचे की थांबायचे, या त्याच्या हिशेबातली एक बाजू त्यांनी जड केली.

रमादी पडल्यावर अमेरिकेचे संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी इराकी सैन्यात लढण्याची इच्छाच दिसली नाही, असे म्हटले होते. मला ते बोलणे तेव्हाही उथळ वाटले. इच्छा ही काही पोत्यात भरून ठेवलेली वस्तू नव्हे. पगार थकलेला पोलीस आणि बगदादकडे शस्त्रे मागून थकलेला अन्बारचा, म्हणजे रमादीच्याच प्रांतातला, सुन्नी टोळीवाला, आपल्यासाठी कोणी येणार नाही असे मानून बसले होते. वर विमान घिरट्या घालत असले, तरी बगदादवरचा विश्वास त्यातून येत नाही.

तळटीप

दोघांनीही विजयाची किंमत फार लवकर ओलांडली, म्हणून मोसुलची आठवण करून देतो. जून २०१४ मध्ये मोसुल या इराकी शहरातली सरकारी फौज आयसिससमोरून पळाली, आणि पुढे पंतप्रधान अबादींच्या चौकशीत चार डिव्हिजनांच्या हजेरीपटावर ५०,००० सैनिक निव्वळ कागदी असल्याचे निघाले. तेच शहर ऑक्टोबर २०१६ ते जुलै २०१७ या काळात विमानांच्या छत्राखाली परत घेतले गेले, आणि या वेळी ओपीचा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटला होता, कारण डिसेंबर २०१६ मध्ये आघाडीजवळच्या सल्लागारांना हल्ला मागण्याचे अधिकार वाढवून मिळाले. पण आयसिसनेही विमानांवर तोडगे काढले होते. विमानांना खालची हालचाल दिसू नये म्हणून गल्ल्यांवर कापड ताणले, घराघरांच्या भिंती आतून फोडून रस्त्यावर न येता फिरण्याची वाट केली आणि नागरिकांना घरांत अडकवून ठेवले. इराकी तुकड्यांच्या पुढे बुलडोझर चालत आणि स्फोटकांची गाडी धडकू नये म्हणून ताब्यात आलेल्या प्रत्येक बोळाच्या तोंडाशी मातीचा बांध घालत.

१७ मार्च २०१७ रोजी अल-जदीदा भागात एका घराच्या गच्चीवरील दोन नेमबाजांवर ५०० पौंडांचा एक बॉम्ब टाकण्यात आला. घर कोसळले आणि अमेरिकी चौकशीनुसारच १०५ नागरिक मेले. आत आयसिसने स्फोटके ठेवल्यामुळे इमारत पडली, असे चौकशीत म्हटले. वाचलेल्या शेजाऱ्यांनी ते मान्य केले नाही. येथे हल्ला मागणारा होता, नियम होते, बॉम्बही नेमका पडला. निवृत्त_ओपी यांनी यावर लिहावे.

शिवाय हा प्रयोग इराकला नवा नाही. १९२० च्या उठावानंतर खर्च वाचवण्यासाठी ब्रिटिशांनी १९२२ पासून त्या देशाचा बंदोबस्त त्यांच्या हवाई दलाकडे सोपवला होता. विमान स्वस्त पडते आणि आपली माणसे मरत नाहीत, हे आकर्षण शंभर वर्षांचे आहे.

निवृत्त_ओपी

अल-जदीदाबद्दल माझ्याकडे बचाव नाही. दोन माणसांसाठी पाचशे पौंड मागितले गेले, हीच मुळात चूक होती. आमच्याकडे अशी मागणी आली असती, तर घरात आणखी कोण आहे हा पहिला प्रश्न विचारला गेला असता, आणि त्याचे उत्तर कोणापाशी नसेल तर दुसरा मार्ग शोधावा लागला असता.

मोसुलच्या लढाईत इराकच्या सर्वोत्तम दहशतवादविरोधी दलाचे सुमारे ४० टक्के नुकसान झाले. त्यानंतर अशी मागणी करणाऱ्याच्या मनात काय चालले असेल याची मला कल्पना येते, पण ती सबब होऊ शकत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. एर्बिलवाला यांच्या चालकाची गोष्ट वाचून अफगाणिस्तान आठवले. ऑगस्ट २०२१ मध्ये लष्कर गाह या शहरात तालिबानवर अमेरिकी विमाने शेवटपर्यंत बॉम्ब टाकत होती, तरी १३ तारखेला ते पडले आणि १५ तारखेला काबूल. अमेरिकेची निघण्याची तारीख जाहीर झाली होती आणि अफगाण विमानांची देखभाल करणारे परदेशी कंत्राटदारही निघून गेले होते, तेव्हा तेथील सैनिकाचा हिशेब उलट्या बाजूला झुकला असे म्हणता येईल का? आणि तसे असेल, तर ज्या कुर्दांपासून हा धागा सुरू झाला त्यांचे पुढे काय झाले?

एर्बिलवाला

होय, लष्कर गाहचे तसेच म्हणता येईल. कुर्दांनी आणि त्यांच्या अरब सहकाऱ्यांनी पुढे सीरियातील रक्का घेतले, मार्च २०१९ मध्ये बागूझ येथे आयसिसच्या ताब्यातला जमिनीचा शेवटचा तुकडाही घेतला. या साऱ्यात त्यांचे सुमारे ११,००० लोक कामी आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेने सीमेवरून माणसे मागे घेतली आणि तुर्कस्तानची फौज आत शिरली. कोबानीच्या दक्षिणेला एका सिमेंट कारखान्यात अमेरिकनांचे ठाणे होते. ते रिकामे केल्यावर मागे राहिलेला दारूगोळा कोणाच्या हाती लागू नये म्हणून १६ ऑक्टोबर २०१९ रोजी दोन अमेरिकी एफ-१५ विमानांनी त्या कारखान्यावर बॉम्ब टाकले.