चिमुकल्या गाडीचं काय करू?

ऋता: मंडळी, मत द्या. ती दोन दारांची छोटी गाडी काल चालवून बघितली. प्रेमात पडलेय. पण तेवढ्याच पैशांत चार दारांची, मोठ्या डिकीची गाडी येते. वेडेपणा होईल का?

निखिलदादा: हो. पुढचा प्रश्न?

सुलभामामी: काय रे! दिसते किती गोड ती.

अविनाशमामा: ऋता, गाडी कापडासारखी मीटरवर मोजून विकत नाहीत. लांबी कमी झाली तरी इंजिन, एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग सगळं लागतंच. उलट एवढ्याशा नाकात धडक सोसण्याची सोय करायची तर जास्त डोकं लावावं लागतं. स्मार्ट फोरटू ही दोन जणांची गाडी १९९८ मध्ये आली तेव्हा जेमतेम अडीच मीटर होती, म्हणून तिला पोलादी पिंजराच दिला होता. अर्थात समोरून दुप्पट वजनाची गाडी आली तर पिंजरा कितीही भक्कम असो, झटका हलक्या गाडीलाच जास्त बसतो.

निखिलदादा: मामा, ते इंजिनिअरिंगचे पैसे झाले. हिला पडायचेत ते चेहऱ्याचे. १९५९ची मिनी ही छोटी ब्रिटिश गाडी गरजेतून आली होती. १९५६च्या सुएझ कालव्याच्या भानगडीत पेट्रोलची टंचाई झाली, म्हणून तिचा डिझायनर इसिगोनिसने इंजिन आडवं टाकलं, १० इंची चाकं लावली आणि तीन मीटरमध्ये चार माणसं बसवली. ती स्वस्तातली गाडी होती. २००७ची फियाट ५०० घे. वरून १९५७च्या जुन्या ५००ची आठवण, खालून चक्क फियाटचीच साधी गाडी, पांडा. पांडाला चार दारं आणि किंमतही कमी!

निखिलदादा: आणि कहर म्हणजे अ‍ॅस्टन मार्टिन, ती महागड्या स्पोर्ट्स गाड्यांची कंपनी. टोयोटाची छोटी आयक्यू घेतली, आपली जाळी लावली, आत चामडं मढवलं आणि २०११ मध्ये सिग्नेट म्हणून जवळजवळ तिप्पट किमतीला विकायला काढली. २०१३ मध्ये गाशा गुंडाळला.

अविनाशमामा: ती मलाही आवडली होती.

निखिलदादा: मामा!!

वासंतीमावशी: आता माझं ऐका, चार वर्षं अशी गाडी वापरलीय. पार्किंगला सोपी म्हणून घेतली. पण दोनच दारं असली की ती लांबलचक असतात, हे कोणी सांगितलं नव्हतं. गाडी खांबाशेजारी मस्त बसायची, दार मात्र वीतभरच उघडायचं. मग आधी एक पाय बाहेर, पोट आत, पर्स डोक्यावर, असं रोज. शेजारी चार दारांची गाडी, तिच्यातून तो माणूस आरामात उतरायचा. स्टेपनीही नव्हती. एकदा टायरची कड फाटली तर पूर्ण नवा टायर घ्यावा लागला, तोही आठवड्याने मिळाला.

सुलभामामी: आई म्हणतायत, "त्या गाडीत मागे बसले होते तेव्हा बाहेर काढायला दोघं लागले."

वासंतीमावशी: हो, पट्ट्यात पाय अडकला होता तिचा. तरी सांगते, विकली त्या दिवशी मी रडले. वळणावर अशी चिकटून वळायची!

ऋता: मग घेऊ की नको?

वासंतीमावशी: गेल्या महिन्यात तुझ्या गाडीत मागे कोण कोण बसलं ते आठव.

ऋता: एकदा मैत्रीण. एकदा कुंडी.

वासंतीमावशी: मग घे. फक्त परवडते, सोयीची आहे, पार्किंगला बरी पडते असलं काही आम्हाला सांगू नकोस. आवडली म्हणून घेतली म्हण. आणि आधी तुमच्या पार्किंगमध्ये आणून दार उघडून बघ.

निखिलदादा: हे मात्र पटलं.

ऋता: शनिवारी पुन्हा चालवायला मिळतेय. मावशी, येतेस?

वासंतीमावशी: येते, पण पुढे बसणार. मागे निखिलला घाल, सहा फुटी माणूस मावतो का बघू.

निखिलदादा: शनिवारी मला काम आहे.

सुलभामामी: आई म्हणतायत, काही काम नाहीये त्याला.