सर्व्हरचे मेसेज प्रत्येकाच्या स्क्रीनवर हवेत की नकोत?

वागळे_लॅब:
ठाण्यातल्या एका कॉलेजची लॅब सांभाळतो. एकच लिनक्स सर्व्हर, टेबलांवर नुसते डिस्प्ले. पोरांचे प्रोग्राम सर्व्हरवर चालतात, विंडो त्यांच्यासमोर उघडते. माझं म्हणणं, लॉगिन झालं की कोपऱ्यात एक टर्मिनल (कमांड टाइप करायची, मजकूर दाखवणारी विंडो) आपोआप उघडावं आणि सिस्टिमचे, प्रोग्रामचे सगळे मेसेज तिथे यावेत. त्यासाठी एक्सटर्म हा टर्मिनलचा प्रोग्राम 'मायनस सी' देऊन चालवायचा, म्हणजे सर्व्हरचा कन्सोल (त्याच्या मुख्य स्क्रीनवर जाणारे मेसेज) तिकडे वळेल. आत्ता डिस्क भरली की पोरगं माऊस आपटत बसतं. मेसेज नोंदवणारी लॉग फाइल उघडून बघतंय कोण?

ऐरोली_नाइटशिफ्ट:
अजिबात पटलं नाही. आमच्या शिफ्टला भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर असेच मेसेज धो धो वाहायचे. शेवटी तिकडे कोणी मान वळवून बघेना. सगळे मेसेज लॉगसाठीच्या वेगळ्या सर्व्हरवर गोळा करा. आरसिसलॉग या मेसेज नोंदवणाऱ्या प्रोग्रामच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये 'इमर्ज', म्हणजे सगळ्यात गंभीर पातळीचा मेसेज लॉगिन असलेल्या सगळ्यांच्या टर्मिनलवर जातोच. तेवढं बास.

घणसोली_कर्नल:
दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. 'डिस्प्ले' व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला मिळणारी सेटिंग, फक्त विंडो कुठे काढायची ते सांगतं, मेसेज तिच्यामागे येत नाहीत. प्रोग्रामची एरर ज्या टर्मिनलवरून तो सुरू केला तिथे पडते. मेनूतून सुरू केला, तर बऱ्याच सेटअपमध्ये होम डिरेक्टरीतल्या 'डॉट एक्ससेशन-एरर्स' या फाइलमध्ये. (डिस्कच भरली असेल तर ती एरर लिहायला तरी जागा कुठली!)

आणि वागळेदादा, एक्सटर्मला मायनस सी देऊन कन्सोल सगळ्यांना वाटता येणार नाही. सर्व्हरचा कन्सोल एकच, तो एका वेळी एकाच टर्मिनलकडे वळतो. दुसऱ्याने मागितला की 'बिझी' म्हणून एरर. लिनक्स २.६.१० पासून त्याला रूटच्या (सर्वाधिकारी अॅडमिन खात्याच्या) तोडीचे अधिकार लागतात. एवढं करून कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, स्वतःचे मेसेज त्या वाटेने येतच नाहीत.

वागळे_लॅब:
मग कन्सोलचा नाद सोडतो. लॉगिन स्क्रिप्टमध्ये एक छोटा एक्सटर्म, आत त्या एरर-फाइलवर 'टेल मायनस एफ', म्हणजे फाइलीत नवी ओळ पडली की लगेच दाखवणारी कमांड. ज्याचे मेसेज त्यालाच दिसतील.
ऐरोलीकर, तुमचा इमर्ज मात्र आमच्याकडे वाया जातो. पोरांचा नुसता ब्राउझर उघडा असतो. टर्मिनलच नाही तर मेसेज उमटणार कुठे?

ऐरोली_नाइटशिफ्ट:
हा मुद्दा मान्य. पण त्या फाइलमध्ये डेस्कटॉपच्या फालतू वॉर्निंगांचाच रतीब असतो. पोरं दुसऱ्याच दिवशी विंडो मिनिमाइझ करतील.
शिवाय उघडं टर्मिनल म्हणजे 'वॉल' या सगळ्यांच्या टर्मिनलवर मेसेज पाठवणाऱ्या कमांडने कोणीही येऊन काहीही लिहावं असा फळा. २०२४ मध्ये त्याच कमांडमधलं भोक उघड झालं होतं. एस्केप कोड (स्क्रीनवर काय कसं दिसावं ते ठरवणारी छुपी चिन्हं) गाळले जात नव्हते, त्यामुळे दुसऱ्याच्या टर्मिनलवर पासवर्ड विचारणारा खोटा प्रॉम्प्ट उभा करता यायचा. उबुंटू २२.०४ सुद्धा त्यात होतं. कॉलेजची पोरं, तुम्हाला काय सांगायचं!

घणसोली_कर्नल:
पॅकेज अपडेट करा आणि स्क्रिप्टमध्ये 'मेस्ज एन' ही आपल्या टर्मिनलवर दुसऱ्यांचं लिहिणं बंद करणारी कमांड टाका. रूटचा मेसेज तरीही पोचतो, बाकीच्यांचा अडतो. वॉर्निंगा नको असतील तर टेलच्या पुढे ग्रेप ही ओळी गाळणारी कमांड लावा.

वागळे_लॅब:
ग्रेप नाही लावणार. काय फालतू आणि काय कामाचं, ते पोरांनी वाचून ठरवायला शिकावं. 'मेस्ज एन' उद्याच टाकतो.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
टाका. आणि सर्व्हरचा लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायचं तेवढं मनावर घ्या. डिस्क भरल्यावर तुमच्या त्या टेलला वाचायला काही उरणार नाही.