मदत हवी आहे: मोगऱ्याचं अत्तर पिवळं पडतंय, आणि वास उग्र येतोय

नमस्कार मंडळी,

सुगंधी रसायनं मिसळून घरी मोगऱ्याचं रोल-ऑन अत्तर करतेय. बचत गटाच्या प्रदर्शनात ठेवायचा विचार आहे, पण गाडी दोन ठिकाणी अडली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

खऱ्या फुलांचा अर्क का नाही, हे आधी सांगते. मोगऱ्याचं ॲब्सोल्यूट इतकं महाग पडतं की आमच्याकडच्या बायका ती बाटली हातातही घेणार नाहीत. शिवाय कृत्रिम म्हणजे कमअस्सल, हे मला पटत नाही. युरोपातल्या 'लिली ऑफ द व्हॅली' या फुलातून कामाचा अर्क निघतच नाही. तिकडच्या अत्तरांत त्याचा वास आणतात तो रसायनांतूनच. आणि जाई-मोगऱ्याच्या वासाच्या कुळातलं हेडिओन हे रसायन तर मला फारच आवडतं. १९६६ साली दिओरच्या 'ओ सोव्हाज' या अत्तरात अत्तरकार एदमाँ रुद्नित्स्काने ते वापरलं, आणि मग ते जगभर पसरलं. वास हलका, पण त्याने फुलाभोवती मोकळी हवा असल्यासारखं वाटतं.

माझं मिश्रण असं: बेंझिल ॲसिटेट ४० टक्के, हेडिओन २०, लिनालूल १५, हेक्झिल सिनॅमल १५, मिथिल अँथ्रॅनिलेट ५ आणि इंडोलचं १० टक्के द्रावण ५. हे सगळं नंतर डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल) या द्रावकात पातळ करते.

पहिली अडचण वासाची. बाटली उघडताच केळ्याचा आणि नेलपॉलिशचा भपका येतो. तो ओसरल्यावर मोगरा जाणवतो, पण गिऱ्हाईक तोवर थांबेल कशाला? संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की जो ओला, हिरवट वास येतो, तोही यात नाही.

दुसरी अडचण रंगाची. ताजं मिश्रण पाण्यासारखं स्वच्छ असतं, ठेवलं की पिवळं होतं आणि मग तपकिरीकडे झुकतं. पांढऱ्या ब्लाऊजवर डाग पडला तर कोण घेईल? इंडोल काढून टाकलं तर रंग बराच आटोक्यात राहतो, पण मग वास साबणासारखा गुळगुळीत होतो. नुसतं इंडोल हुंगलं तर डांबरगोळी आठवते, तरीही त्याच्याशिवाय मोगरा जिवंत वाटत नाही. ते ठेवून रंग कसा टाळायचा?

प्रतिसाद

ताई, रंगाचा दोष एकट्या इंडोलचा नाही. मिथिल अँथ्रॅनिलेट हे अमाइन आणि हेक्झिल सिनॅमल हे आल्डिहाइड. दोन्ही एका बाटलीत आली की हळूहळू जोडी जमते, पाणी सुटतं आणि पिवळा-केशरी 'शिफ बेस' तयार होतो. दोघांपैकी एकच ठेवा. मी असतो तर हेक्झिल सिनॅमल काढलं असतं, कारण मोगऱ्याला चमेलीपासून वेगळा करणारा द्राक्षासारखा गोडवा मिथिल अँथ्रॅनिलेटमधूनच येतो. त्या जागी थोडं बेंझिल सॅलिसिलेट घाला, वास टिकायला मदत होईल.

इंडोल हवा आणि उजेड लागला की लालसर-तपकिरी होतं. प्रमाण निम्म्यावर आणा, द्रावण गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. थोडा रंग तरी येईलच, तो धरून चाला. रोल-ऑनची बाटलीही रंगीत काचेची घ्या.

भपका बेंझिल ॲसिटेटचा आहे. ते २५ टक्क्यांवर आणा आणि हेडिओन ४० पर्यंत बिनधास्त वाढवा. हिरवेपणासाठी सिस-३-हेक्झेनिल ॲसिटेट १ टक्का द्रावणातून थेंबाथेंबाने घाला, जास्त झालं तर नुसतं कापलेलं गवत येईल. मग दोन-तीन आठवडे मुरू द्या आणि कागदी पट्टीवर थेंब लावून हुंगा, थेट बाटलीतून नको.

आंतरजालावरच्या जुन्या सूत्रांत लिलिअल हे सुगंधी रसायन दिसलं तर ते घेऊ नका. प्रजननावरच्या परिणामांमुळे युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून प्रसाधनांत ते बंद केलं आहे. त्वचेवर लावायचं आहे, तेव्हा प्रत्येक घटकाची 'इफ्रा'ची (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) मर्यादा बघाच.

धागाकर्ती

मनापासून आभार! ती जोडी माझ्या डोक्यातच नव्हती. बेंझिल सॅलिसिलेट आजच मागवते. एकच विचारायचं राहिलं: प्रदर्शनात विकायला परवाना लागेल का?

प्रतिसाद

हो. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायची तर उत्पादन परवाना लागतो, घरगुती असलं तरी. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी चौकशी करा, बाटल्यांची ऑर्डर त्यानंतर. आणि लेबलवर 'नैसर्गिक' लिहू नका.