आखातातल्या तेलावरची अरबी कादंबरी सुचवा

डिचोलीकर: बाबा बरीच वर्षं कुवेतला तेल कंपनीत होते. तेल सापडल्यावर तिथल्या मूळ माणसांचं काय झालं, हे सांगणारी कादंबरी आहे का? इजिप्तचे कादंबरीकार नगीब महफूझ वाचलेत, पण ते कैरोचे.

साखळीची वाचक: अब्दुलरहमान मुनीफ वाचा! जन्म १९३३, अम्मान, वडील सौदी. बेलग्रेडला तेलाच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, तेल उद्योगात नोकरी केली, म्हणजे विषय आतून ठाऊक. राजकारणापायी सौदी नागरिकत्व गेलं. २००४ मध्ये दमास्कसला वारले. ‘मिठाची शहरं’ ही त्यांची पाच खंडांची कादंबरी. पहिला खंड १९८४ चा. वादी अल-उयून नावाच्या ओॲसिसमध्ये, म्हणजे वाळवंटातल्या हिरव्या गावात, अमेरिकन येतात, मग यंत्रं येतात आणि खजुराची झाडं उपटली जातात. तिथला गावकरी मितेब अल-हथाल उंटावर बसून निघून जातो, पण लोक त्याची वाट पाहतच राहतात. ते पान वाचताना मला आमच्या खाणपट्ट्यातले लाल झालेले ओहोळ दिसले. सौदीत पुस्तकावर बंदी आली.

म्हापसेकर: पण ताई, एक नायक नाही त्यात. मी मध्येच सोडलं.

साखळीची वाचक: अहो, नायक गावच आहे ना! अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यांनीही अशीच तक्रार केली होती, मला ती मुळीच पटत नाही. तेलासाठी उभारलेल्या हर्रान बंदरातला कामगारांचा संप येईपर्यंत तरी वाचा. डिचोलीकर, पीटर थेरो यांचा इंग्रजी अनुवाद मिळतो. बाबांनाही वाचून दाखवा, कामगारांच्या छावणीबद्दल ते काय म्हणतात ते इथे नक्की लिहा.