द्राक्षाचा रीफर भरताना पेटीत पाणी सुटतंय

निफाडकर_पॅकहाऊस: थॉमसन द्राक्षं, युरोपचा माल, 40 फुटी रीफर (थंड कंटेनर). डॉकला सील (गाडी आणि दार यांमधली फट बंद करणारी गादी) नाही, गाडी उघड्या रॅम्पला लागते. कंटेनर आधी 0 वर गार करून घेतो, 20 पॅलेट भरायला सव्वा तास जातो. तिकडून तक्रार येते की लायनरमध्ये (पेटीतल्या प्लास्टिक पिशवीत) पाणी आणि मणी देठाकडून पांढरे. सेट पॉईंट (मशीनला लावलेलं तापमान) −0.5 चा −1.5 केला तर?

शीतसाखळी: सेट पॉईंटला हात लावू नका, −0.5 च ठेवा. गोठायचा धोका वाढेल, पाणी तसंच राहील. उघड्या रॅम्पवर कंटेनर आधी गार करणं हीच चूक आहे. दार उघडलं की बाहेरची हवा गार पत्र्यावर दव धरते, ते छतावरून पेट्यांवर टपकतं. आधी गार करायचं ते डॉक सीलबंद असेल आणि दाराला कोल्ड रूमचीच हवा लागत असेल तेव्हा.

आणि रीफर माल गार करत नाही, गार माल गार ठेवतो.

निफाडकर_पॅकहाऊस: मग मशीन चालू ठेवून भरू का?

शीतसाखळी: अजिबात नको. पंखा बाहेरची दमट हवा ओढतो, गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ चढतो आणि दार लावल्यावर ऐन गरजेच्या वेळी मशीन डीफ्रॉस्टला (बर्फ वितळवायला) जातं. मशीन बंद, भरणं, दार लावणं, लगेच चालू. सव्वा तास फार होतो. दोन पॅलेट ट्रॉल्या लावा, पहाटे भरा, रॅम्पवर पॅलेट थांबवून ठेवू नका. फेब्रुवारीत हवा कोरडी वाटली तरी शून्याच्या मालावर दव धरतंच, म्हणून डॉकला सील बसेपर्यंत कोल्ड रूमच्या दारापासून कंटेनरपर्यंत ताडपत्रीचा बोगदा करा.

देठ_हिरवा: पांढरे मणी म्हणजे ग्रेप गार्डचा (बुरशी रोखायला पेटीत ठेवतात त्या पॅडचा) सल्फर डायऑक्साइड गॅस एकदम सुटलाय. पॅडला ओल लागली की तो भराभर सुटतो. पॅड कधी ठेवता? प्री-कूलिंगआधी, म्हणजे माल गार करण्याआधी, लायनर मिटून पॅड ठेवलात तर गरम मण्यांची वाफ आतच अडकते. लायनर उघडा ठेवून गार करा. पल्प (मण्याच्या आतलं तापमान) 0 ते 1 ला आला की कोल्ड रूममध्येच पॅड ठेवून लायनर मिटा.

पल्प मोजताना कडेच्या कुठल्याही पेटीवर विसंबू नका, ती लवकर गार होते. पॅलेटच्या ज्या बाजूने हवा बाहेर पडते तिथली पेटी उघडून मण्यात सुई खुपसा. हवा शिरते ती बाजू फसवते. थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात धरा, 0 दाखवायला हवा.

टी_फ्लोअर: भरण्याकडेही बघा. हवा खालून टी-फ्लोअरमधून (कंटेनरच्या खाचांच्या तळातून) येते, मालातून वर चढते आणि छताजवळून परत जाते. आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर पेटी गेली की परतीची वाट बंद. दाराकडे शेवटच्या पॅलेटपुढे फ्लोअर उघडा राहिला तर हवा तिथूनच वर निसटते आणि मधला माल उपाशी राहतो. तो भाग जाड पुठ्ठ्याने झाका. पेट्यांची भोकं एकावर एक जुळायला हवीत, एक थर उलटा लागला तरी तो पॅलेट आतून गरम राहतो.

डेटा लॉगर (तापमान नोंदणारं यंत्र) एक दाराकडच्या पॅलेटमध्ये, एक मध्ये. चालू करायला विसरतात, दिवा बघूनच दार लावा. कंटेनरच्या दाराला सील लावल्यावर सप्लाय (आत सोडलेली हवा) आणि रिटर्न (परत आलेली हवा) दोन्ही आकडे लिहून घ्या. माल खरंच गार असेल तर काही तासांत रिटर्न सप्लायच्या जवळ येतो. येत नसेल तर पल्प नीट मोजला गेला नव्हता.

निफाडकर_पॅकहाऊस: पॅड आम्ही पॅकिंगच्या टेबलावरच ठेवतो. उद्याच्या लॉटपासून बदलतो.

शीतसाखळी: गाडी सुटण्याआधी जेनसेटचं (मशीनला वीज देणाऱ्या जनरेटरचं) डिझेलही बघा. जेएनपीटी बंदराला गेटच्या रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही.