भिंतीवरचा फोटो आणि काउंटरवरचा पोरगा

रामबागवाली: परवा सासूबाईंची थायरॉइडची गोळी आणली. पर्चीवर २५ मायक्रोग्रॅम, डबी निघाली ७५ची. परत गेले तर पोरगा म्हणतो, "काकू, गर्दी होती." त्याच्या डोक्यामागे फ्रेममध्ये फार्मासिस्टचं सर्टिफिकेट, त्यावर फोटो चष्मेवाल्या बाईंचा. या कुठे आहेत? "मॅडम येतात कधी कधी." मी तर म्हणते, दवाई घेण्याआधी फार्मासिस्ट कोण ते सरळ विचारायचं.

राजेंद्रनगरचा भिया: घ्या, आता मेडिकलवर चौकशी आयोग बसवा! आमच्या कोपऱ्यावरच्या काकांनी रात्री साडेअकराला अर्धं शटर उचलून बाबांना इन्हेलर दिलाय. त्यांना म्हणू, आधी कागद दाखवा? डॉक्टरचं गिचमिड अक्षर काकांइतकं कोणाला लागत नाही.

काउंटरच्या आतला: मी स्वतः रजिस्टर्ड फार्मासिस्ट, आधी इथे इंदूरच्या दवा बाजारात होलसेलला होतो, आता रिटेलला. भिया, काकांबद्दल आदर आहे, पण १९४८चा फार्मसी ॲक्ट, कलम ४२ वाचा. पर्चीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. ड्रग्ज रूल्सचा नियम ६५ म्हणतो, त्याने स्वतः किंवा तो समोर उभा असताना त्याच्या देखरेखीत. म्हणजे पोरग्याने डबी काढायला हरकत नाही, मॅडम तिथे हव्यात. आणखी एक, लोक दोन कागदांत गल्लत करतात. फॉर्म २० आणि २१ हे दुकानाचं लायसन्स. माणसाची नोंदणी वेगळी, ती भोपाळच्या राज्य फार्मसी कौन्सिलची. नाव आणि नंबर टिपून घ्या, कौन्सिलकडे विचारता येतं. २०१५च्या नियमांत तर एप्रनवर नाव-नंबरचा बिल्लाही आहे.

राजेंद्रनगरचा भिया: मे महिन्यात एप्रन! तुमचा तरी असतो का अंगावर?

काउंटरच्या आतला: खुंटीवर असतो. खोटं कशाला बोलू.

सुदामानगर: डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, केला तेव्हा एकाने विचारलं होतं, "ताई, यायची गरज नाही, फक्त सर्टिफिकेट लावू द्या, दर महिन्याला पैसे पोचतील." बारावीनंतरची दोन वर्षं आणि वर ५०० तासांचं ट्रेनिंग काय भिंतीला टांगायला केलं? नाही म्हटलं. पण भियाचं एक खरं आहे. छोट्या दुकानदाराला फार्मासिस्टचा पूर्ण पगार झेपत नाही. गिऱ्हाइकाला तर गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावर सूट हवीच असते.

राजेंद्रनगरचा भिया: चला, कोणीतरी आमच्या बाजूने बोललं. अनुभवाला कागद लागत नाही.

रामबागवाली: आज पुन्हा गेले, मॅडम होत्या. डबी बदलून दिली आणि विचारलं, "उपाशीपोटी घेतात ना? बरोबर दुसरं काही?" म्हटलं, कॅल्शियम. दोन्ही सकाळी चहाआधी एकदमच, चार वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "दोन्हीत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट लागू पडत नाही." हे त्या पोराने कधी विचारलं नव्हतं. भिया, तुमच्या काकांनी विचारलंय?

राजेंद्रनगरचा भिया: आईपण दोन्ही घेते. संध्याकाळी जाऊन विचारतो. कागद मात्र मागणार नाही.