गल्लीतला 'गॅस्ट्रोपब': सात जणांची ऑर्डर कशी लावावी?

गंजगोलाई

लातुरात घराजवळ एक नवीन जागा सुरू झालीय, पाटीवर 'गॅस्ट्रोपब'. शनिवारी रात्री सात जण जायचंय. चौघं बियरवाले, एक व्हिस्कीवाला, दोघी काहीच न घेणाऱ्या. त्यातली एक मावशी, पक्की शाकाहारी. मेनू कार्डात १४० पदार्थ आहेत: टिक्का, पिझ्झा, सिझलर, नान कलिया, येसरचं (भाजून दळलेल्या धान्य-डाळी-मसाल्याचं) मटण, सगळंच. काउंटरवर ड्राफ्ट बियरचे चार नळ दिसतात. बजेट साडेसहा हजार.

काय मागवावं, किती, कोणत्या क्रमानं? नळाची बियर ताजी आहे हे कसं ओळखायचं? आणि बिलात काय तपासायचं? "मस्त जागा आहे, जा" छाप उत्तरं नकोत, नेमकं सांगा.

---

भट्टीसमोर

आधी पाटीवरच्या शब्दाचं बघू. गॅस्ट्रोपब ही भानगड लंडनची. १९९१ मध्ये फॅरिंगडन रोडवर माइक बेल्बन आणि डेव्हिड एअर यांनी 'द ईगल' नावाचा जुना पब घेतला आणि बारमागच्या टीचभर स्वयंपाकघरातून नीट जेवण द्यायला सुरुवात केली. फळ्यावर खडूनं लिहिलेले मोजके पदार्थ, संपले की पुसायचे. मुद्दा हा की तिथं मेनू स्वयंपाकघराच्या आकारानं ठरायचा. १४० पदार्थांचं कार्ड म्हणजे नेहमीचाच परमिट रूम, पाटी तेवढी नवी. ते वाईटच असेल असं नाही. पण त्या १४० मधले रोज खपणारे पंचवीस-तीसच असतात, बाकीचे फ्रीजरमध्ये वाट बघत बसतात. तुमचं काम एवढंच की त्या पंचवीसात राहायचं. पिझ्झा, पास्ता, सिझलर सोडून द्या.

कॅप्टनला (ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरला) "काय चांगलं आहे?" विचारू नका, तो महाग आहे ते सांगेल. विचारा, "आज मॅरिनेशन कशाकशाचं लावलंय?" ज्याचं उत्तर पटकन येईल ते मागवा.

तंदूरचं गणित असं. मध्यम भट्टीत एका वेळी आठ-दहा शिगा बसतात. चिकन टिक्क्याला ८-१० मिनिटं, अख्ख्या तंदुरी कोंबडीला १२-१५, मग बाहेर काढून थोडं निथळू द्यायचं, लोणी लावून पुन्हा दोन-तीन मिनिटं आत. आणि रोट्या त्याच भट्टीच्या भिंतीला लागतात. रात्री नऊ ते सव्वादहा सगळ्या टेबलांच्या शिगा आणि सगळ्यांच्या रोट्या एकाच भट्टीवर येतात, म्हणून उशीर होतो. वेटरवर ओरडून भट्टी मोठी होत नाही. साडेसातला बसा, पहिल्या पाच मिनिटांत स्टार्टर सांगा.

चांगला टिक्का दोन टप्प्यांत मुरतो. आधी मीठ, लिंबू, आलं-लसूण अर्धा तास. मग टांगलेलं दही, तिखट आणि मोहरीचं तेल चार ते सहा तास. कालचं उरलेलं आंबट मॅरिनेशन असेल तर तुकडा बाहेरून पिठूळ लागतो आणि आतून कोरडा, कारण आम्लानं वरचा थर आधीच 'शिजलेला' असतो. लालभडक रंगाची शंका आली तर टिश्यू ओला करून तुकड्यावर दाबा. मिरचीचा रंग तेलातून उतरतो, नारिंगी डाग पडतो. कृत्रिम रंग पाण्यात विरघळतो, टिश्यू गुलाबी-लाल होतो. तंदुरीत असा रंग घालायला परवानगीच नाही.

तळणाचं: पहिल्या फेरीत एकच तळलेला पदार्थ मागवा, मग ठरवा. तेल १७५-१८० अंशांवर असेल तर फ्राइज कोरड्या येतात. दहा लिटर तेलात किलोच्या वर गोठवलेल्या फ्राइज एकदम टाकल्या की तापमान धाडकन खाली येतं आणि तळण तेल पितं. प्लेटखालच्या कागदावर तेलाचं तळं, घशात खवखव, वास जुनाट, असं असलं तर पुढचं काहीही तळलेलं घेऊ नका. २०१८ पासून नियम आहे की तेलातले ध्रुवीय घटक (पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं. ते मोजायला यंत्र लागतं, आपल्याला नाक पुरतं.

सात जणांना प्रमाण: स्टार्टर चार प्लेटा, दोन आधी आणि दोन वीस मिनिटांनी. प्लेटमध्ये सहा की आठ तुकडे ते आधी विचारा, कारण सहा असतील तर सातवा माणूस बघत बसतो. मुख्य जेवणाला तीन भाज्या-रस्से पुरतात (एक प्लेट अडीच माणसांची धरा), एक जिरा राइस, आणि भाकरी. कॅप्टनला स्पष्ट सांगा: "मेन कोर्सचा केओटी मी सांगेपर्यंत फाडू नका." (केओटी म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी.) हे सांगितलं नाही की दुसऱ्या स्टार्टरसोबत मटण येऊन थंड होतं. चूक वेटरची नसते. आत एकदा केओटी गेला की आचारी तो लावणारच, त्याला टेबलावर काय चाललंय ते दिसत नाही.

भाकरी एकदम चौदा मागवू नका. ज्वारीत गहू-मैद्यासारखा चिकटपणा नाही, गरम पाण्यात मळून लगेच थापावी लागते. पीठ पडून राहिलं की कडा चिरतात आणि तव्यावरून उतरलेली भाकरी दहा मिनिटांत वातड होते. चार-चारच्या फेऱ्या.

नान कलियाबद्दल: तो संभाजीनगरचा पदार्थ. त्याचा नान खमिराचा, जाड, मऊ, वरून हळदी-पिवळ्या रंगाचा, वेगळ्या भट्टीतला. कलियासोबत बटर नान येणार असेल तर तो नुसता मटणाचा रस्सा आहे, त्या भावात घेऊ नका. येसरचं मटण मात्र इकडच्या आचाऱ्याच्या हातचं असतं, ते घ्या.

---

येसर_आमटी

मावशींसाठी पनीर टिक्का आणि पनीर बटर मसाला एवढ्यावर भागवू नका राव. येसर मटणाला लावतात तर आमटीलाही लावतील, कार्डावर नसली तरी विचारा. येसर म्हणजे भाजून दळलेली धान्यं, डाळी आणि मसाला. तो आधी थंड पाण्यात कालवून मग उकळत्या आमटीत सोडावा लागतो आणि बारीक आचेवर दहा-बारा मिनिटं शिजावा लागतो, नाहीतर गुठळ्या होतात आणि कच्च्या पिठाची चव राहते. म्हणून ती मेन कोर्सच्या पंधरा मिनिटं आधी सांगायची.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: "व्हेज ग्रेव्ही वेगळ्या कढईत आहे का?" आणि "व्हेज तळण वेगळ्या तेलात आहे का?" हे दोन प्रश्न स्पष्ट विचारा. बहुतेक ठिकाणी तळणाचं एकच मशीन असतं. त्यात चिकन ६५ तळलं की मंचुरियन शाकाहारी कसं म्हणायचं? मावशींना तव्यावरचं, भट्टीतलं घ्या. भट्टीतही त्यांची शीग वेगळी लावायला सांगा. एकाच शिगेवर वर मटण असलं की त्याचा रस खालच्या पनीरवर ठिबकतो.

मसाला पापड मागवलात तर कांदा-टोमॅटो वाटीत वेगळा मागा. चार मिनिटांत पापडाचा चिवडा होतो.

---

दोन_बोटं_फेस

बियरचं मी सांगतो. एका गल्लीतल्या जागेत चार नळ हेच मला जास्त वाटतात. विचारा, "सगळ्यात जास्त कोणती जाते?" आणि तीच घ्या. केग म्हणजे ३० किंवा ५० लिटरचं पिंप. जो नळ आठवड्यात चार ग्लास विकतो त्याच्या नळीतली बियर तिथंच बसून शिळी होते.

पहिला ग्लास एकच मागवा, चौघांसाठी चार नाही. काय बघायचं: वर दोन बोटं फेस, आणि तो मिनिटभर टिकला पाहिजे. "फेस नको, भरून द्या" असं म्हणू नका; फेसानं वास टिकतो आणि वायू पटकन उडत नाही. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेत म्हणजे ग्लासला तेलकटपणा किंवा साबण राहिलाय. पिताना ग्लासच्या आतून फेसाची गोल-गोल वलयं राहिली तर ग्लास स्वच्छ. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, काचेवर पांढुरकी झाक येते आणि फेस मरतो, म्हणून धुतल्यावर शेवटचा हात गोड्या पाण्याचा लागतो. झाक दिसली तर ग्लास बदलून मागा, बिनधास्त.

चव: जुन्या लोण्यासारखी, बटर पॉपकॉर्नसारखी किंवा आंबटसर लागली (ती बियर मुळात आंबट जातीची नसताना) तर बहुतेक वेळा नळ्या धुतलेल्या नाहीत. दर दोन आठवड्यांनी अल्कली द्रावणानं नळ्या धुवायच्या असतात. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे हवा लागून जुनी झालेली. पहिला घोट घेऊन लगेच परत करा, अर्धा ग्लास संपवून नाही.

बर्फ जमलेला गोठवलेला मग दिसायला भारी. पण त्यातले बर्फाचे कण फेस उफाळवतात आणि वितळून बियर पातळ करतात. साधा धुतलेला ग्लास मागा. लागर (नेहमीची फिकट बियर) साधारण ४ ते ६ अंशांवर हवी, त्याखाली जीभ बधिर होते आणि दोष लपतात. काही ठिकाणी म्हणूनच इतकी गार देतात!

नळावर भरवसा बसला नाही तर बाटली. ६५० मिलीची, दोघांत एक. लेबलवरची तारीख बघा, तीन महिन्यांच्या आतली चांगली. वाळूज-चिकलठाण्याला बियरचे कारखाने आहेत, त्यामुळं आपल्याकडं ताजा माल मिळायला अडचण नसते. मालाची वाट लागते ती दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेल्या क्रेटमध्ये. हिरव्या बाटलीतून उजेड आत जातो आणि कुबट वास येतो, तपकिरी बरी.

येसरच्या तिखटासोबत स्ट्राँग घेऊ नका. अल्कोहोलनं जाळ वाढतो. माइल्ड किंवा गव्हाची बियर.

---

भट्टीसमोर

वरच्याशी एका ठिकाणी असहमत. तिखटासोबत बियरच कामून? बुडबुड्यांनीही जीभ चुरचुरते. मेन कोर्सला ताक मागवा, सगळ्यांना.

---

गंजगोलाई

भारी माहिती. आता पैशाचं सांगा. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात "१०% सर्व्हिस चार्ज" लिहिलंय. द्यावाच लागतो का? आणि व्हिस्कीचं माप खरं की खोटं कसं कळणार?

---

पावती_बघा

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: तो आपोआप बिलात लावता येत नाही, वेगळ्या नावानंही नाही, आणि दिला नाही म्हणून आत घ्यायला नकारही देता येत नाही. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्या कायम ठेवल्या. बसतानाच कॅप्टनला सांगा, "सर्व्हिस चार्ज लावू नका, टिप आम्ही वेगळी देऊ." बिल छापल्यावर वाद घालण्यापेक्षा हे सोपं जातं. काढत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. टिप मात्र द्या, आणि वाढणाऱ्याच्या हातात द्या.

बिलाचे दोन भाग पाडून बघा. खाणं, ताक, सोडा, मॉकटेल यावर ५ टक्के जीएसटी (अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा). दारूवर जीएसटी नाही, व्हॅट (राज्याचा विक्रीकर) आहे. परमिट रूममध्ये १० टक्के, नोव्हेंबर २०२३ च्या आधी ५ होता. काही ठिकाणी कार्डावरचा भाव व्हॅट धरून असतो, ते आधीच विचारा. नेहमीची गडबड म्हणजे सोडा आणि चकणा दारूच्या बाजूला टाकून त्यावरही १० टक्के लावतात. उलटी गडबड म्हणजे सगळ्या बेरजेवर जीएसटी.

तुमचा हिशोब: खाणं चार हजार अधिक २०० जीएसटी, दारू दोन हजार अधिक २०० व्हॅट, एकूण ६,४००. बजेटात बसतं. सर्व्हिस चार्ज धरला की वर ६०० आणि बजेट फाटलं.

"आम्ही कंपोझिशनमध्ये आहोत, जीएसटी नंबर नाही" असं सांगितलं तर पटवून घेऊ नका. कंपोझिशन ही छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची योजना, ती दारू देणाऱ्या हॉटेलला घेताच येत नाही. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांकही बिलावर असायला हवा, जानेवारी २०२२ पासून सक्ती आहे.

पेग: छोटा ३०, मोठा ६० मिली. टेबलावर, डोळ्यांसमोर, सरकारी वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) खात्याचा शिक्का असलेल्या मापानं ओतायला सांगा. माप काठोकाठ भरून उलटं करून क्षणभर थांबलं पाहिजे, झटका देऊन उचललेल्या मापात पाच-सात मिली मागे राहतात. बर्फ आधी ग्लासात टाकून वर ओतत असतील तर थांबवा. आधी दारू, मग बर्फ. बर्फ निळसर दिसला तर घेऊच नका, खाण्याच्या नसलेल्या बर्फात निळा रंग घालतात.

सोबत कोणी पंचवीसच्या आतलं आहे का? महाराष्ट्रात व्हिस्की आणि स्ट्राँग बियरला २५ वर्षं, माइल्डला २१. एक दिवसाचा पिण्याचा परवाना पाच रुपयांचा असतो, तो काउंटरवर मागा. गाडी कोण चालवणार ते मावशींच्या साक्षीनं आधीच ठरवा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच वेळी १० हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे दंडच शनिवारच्या पूर्ण जेवणाच्या दीडपट.

---

येसर_आमटी

टेबल भट्टीच्या किंवा धुण्याच्या जागेच्या दाराजवळचं घेऊ नका. आणि सात जणांना चार अधिक चारची दोन टेबलं जोडून मिळतात, तेव्हा केओटीवर दोन वेगळे नंबर पडत नाहीत ना ते बघा. दोन नंबर पडले की अर्धी ऑर्डर दुसऱ्याच टेबलाच्या नावानं फिरत राहते आणि शेवटी बिलं दोन येतात.

---

गंजगोलाई

चार भाकऱ्यांच्या फेऱ्या, एक ग्लास आधी, येसरची आमटी पंधरा मिनिटं आधी. लिहून घेतलं. आज संध्याकाळी जाऊन तळणाचं तेल वेगळं आहे का तेवढं विचारून येतो, एकच मशीन असेल तर मावशींसाठी तव्यावरचं काय मिळतं तेही.